पेरणी राहिलेली वारी

२०१६ ची ही वारी. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं; १२ एप्रिलच्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मांजरा आटलेली. पेरणी उरकूनच वारीला निघायचं, हा आमच्या घरचा रिवाज. पण मृग कोरडा गेला, आर्द्राही नुसती भुरभुरली. बियाण्याच्या पिशव्या ओसरीत तशाच ठेवून मी आळंदी गाठली.

दिवे घाटात पाऊस लागला. दिंडीतले फुगड्या खेळले. मला संताप आला. डांबरावरून वाहून जाणारं ते पाणी बघवेना. तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम चालू होतं आणि मनात मी विठ्ठलाशी भांडत होतो.

जेजुरी झाली, नीरास्नान झालं, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण झालं. बरड गाव सोडलं आणि टाचेखालच्या फोडानं पाय टेकवेना. ऊन रणरणतं. मागून कोणी “चला माऊली, चला” म्हणालं, त्याच्यावर मी खेकसलो. रस्त्याकडेच्या घरातून एक आजी आल्या, दंडाला धरून मला ओट्यावर बसवलं. दारात टँकरच्या पाण्याचा बॅरल, पाणी तळाला गेलेलं. त्यातलाच तांब्या भरून माझ्या पायांवर ओतू लागल्या. मी पाय मागे ओढले.

“आजी, प्यायला ठेवा.”

“टँकर परवा येतोय. तुला आजच चालायचंय न्हवं?”

सुई चुलीवर तापवली, हळदीच्या तेलात भिजवलेला दोरा फोडातून ओवला आणि आतच ठेवला. “वढून काढू नगंस. पाणी झिरपू दे.” मग जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. गावाकडं पाऊस झाला का, विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या माझ्या पाया पडल्या, मी त्यांच्या. उठताना मला रडू आवरेना.

वेळापूरला सांजेला धाकट्याचा फोन. “दादा, रात्रभर पडला. वीतभर ओल गेलीय.” त्याला उद्याच तिफण धरायची होती. म्हटलं, वाफसा येऊ दे, चिखलात बी कुजेल. चार ओळी सोयाबीन, दोन तुरीच्या, यावरून आमची जुंपली. हरिपाठ सुरू झालेला. वीणेकरीबुवांनी डोळे वटारले. “पाऊस झाला!” मी ओरडलोच. दिंडी सगळी आमच्याच भागातली. हरिपाठ संपताच जो तो घरी फोन लावू लागला. बहुतेकांकडे झाला होता. औशाकडच्या दोघांच्या शिवारात मात्र थेंब नव्हता. त्यांच्या पंगतीला बसलो, पण पेरणीचं नाव काढलं नाही.