नफ्याचा प्रश्न: आकडा हवा आहे की गुणोत्तर?

जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेतल्या डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नात उत्तर काढायचं नसतं; दिलेली दोन विधानं, एकेकटी किंवा मिळून, उत्तराला पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचं असतं. अशा प्रश्नात महसूल, खर्च आणि नफा ही तीन नावं दिसली की बहुतेक जण नफा = महसूल − खर्च लिहून थेट विधानांकडे वळतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. विधानं वाचण्याआधी प्रश्नाला नेमकं काय लागतं, हे कागदावर यायला हवं.

एक उदाहरण घेऊ. यंदा महसूल 10 टक्के वाढला, खर्च 20 टक्के वाढला. नफा वाढला का? गेल्या वर्षीचा महसूल म, खर्च ख. नफ्यातला बदल 0.1म − 0.2ख. हा बदल धन असायचा तर ख हा म च्या निम्म्याहून कमी हवा. म्हणजे प्रश्न एवढाच उरला: गेल्या वर्षी खर्च महसुलाच्या निम्म्याहून कमी होता का? इथे रकमेची गरजच नाही, गुणोत्तर पुरतं.

आता विधानं. पहिलं: गेल्या वर्षी नफा महसुलाच्या 30 टक्क्यांहून कमी होता. म्हणजे खर्च 70 टक्क्यांहून जास्त, म्हणून नफा नक्कीच वाढला नाही. उत्तर 'नाही' आलं, तरी विधान पुरेसंच आहे. 'नाही' आलं म्हणून विधान अपुरं ठरवणं, ही नेहमी दिसणारी चूक. पुरेसं म्हणजे उत्तर एकच येणं, मग ते हो असो की नाही.

दुसरं: गेल्या वर्षीचा नफा 40 लाख होता. ठोस आकडा दिसल्यामुळे हे विधान भक्कम वाटतं. पण महसूल 50 लाख आणि खर्च 10 लाख धरा: बदल 5 − 2, म्हणजे 3 लाखांची वाढ. महसूल 200 लाख आणि खर्च 160 लाख धरा: 20 − 32, म्हणजे 12 लाखांची घट. नफा दोन्हीकडे 40 लाखच, उत्तरं मात्र उलट. विधान अपुरं. हे तपासताना पहिल्या विधानातले 30 टक्के डोक्यात राहिले, तर 200 आणि 160 हीच जोडी सुचेल आणि दुसरं विधानही पुरेसं वाटेल. प्रत्येक विधान आधी एकटं तपासायचं, दुसरं हाताने झाकून.

आणि पहिल्या विधानात 30 च्या जागी 60 टक्के असते तर? खर्च 40 टक्क्यांहून जास्त एवढंच कळलं असतं. 45 टक्के धरा, नफा वाढतो. 55 धरा, घटतो. एका आकड्याच्या फरकाने विधान अपुरं झालं असतं.

नफा रकमेत विचारला असेल, तर उलट सापळा लागतो. 'नफा महसुलाच्या 20 टक्के आहे' आणि 'खर्च नफ्याच्या चौपट आहे' ही वेगळी दिसणारी दोन विधानं एकच गोष्ट सांगतात. समीकरणं दोन, पण माहिती एकच. दोन्ही एकत्र करूनही रक्कम हाती लागत नाही. दोन अज्ञातांना दोन समीकरणं पुरतात, हा नियम समीकरणं खरोखर वेगळी असली तरच चालतो.

उलटंही घडतं, आणि ते फार सुंदर आहे. 7 आणि 11 दराच्या दोन वस्तू विकून महसूल 61 आला. समीकरण एकच, अज्ञात दोन. पण नग पूर्णांकातच विकले जातात, म्हणून 4 आणि 3 ही एकच जोडी बसते. विधान पुरेसं.

नगांच्या प्रश्नात आणखी एक बघायचं: नफा = नग × (किंमत − प्रतिनग खर्च) − स्थिर खर्च. नग आणि स्थिर खर्च माहीत असतील, तर किंमत आणि प्रतिनग खर्च वेगवेगळे माहीत नसले, तरी त्यांचा फरक कळला की भागतं. विधानात दोन्हींपैकी एकच दिलं असेल आणि दुसरं प्रश्नातही नसेल, तर नफ्याची रक्कम काढायला ते एकटं पुरणार नाही.

जीमॅटमध्ये 2023 च्या नव्या स्वरूपापासून हे प्रश्न डेटा इनसाइट्स विभागात आले, तिथे पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. या प्रकारात त्याला हात लावावासा वाटला, तर प्रश्न अजून पुरता सोपा केलेला नाही असं समजावं.