तुम्ही विचारलंत म्हणून: हात गेला होता, मग परत मोटरसायकल कशी?

"परत गाडीवर बसताना भीती नाही वाटली का?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात, पेट्रोल पंपावर रांगेत उभा असतानाही विचारतात. डावा दंड उजव्यापेक्षा उघड बारीक दिसतो, मानेच्या बाजूला टाक्यांचा व्रण आहे, आणि मी बसलेला असतो मोटरसायकलवर. विचारणं साहजिकच आहे. पण विचारणाऱ्यांत कितीतरी जण असे असतात की ज्यांच्या स्वतःच्या घरात कुणाचा तरी हात असाच लोंबकळतोय. मुलाचा, भावाचा, नवऱ्याचा. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

भीती वाटली, अजूनही वाटते. मात्र गाडीवर बसायचं की नाही, हे भीतीवर किंवा हिमतीवर ठरलं नाही. माझा हात काय करू शकतो आणि काय नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर ठरलं.

अपघाताचं थोडक्यात सांगतो. उसाचा हंगाम, दिवेलागणीची वेळ, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. मी डाव्या खांद्यावर आपटलो. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हाड एकही मोडलं नव्हतं. एक्स-रे बघून जो तो म्हणाला, "नशीब बलवत्तर." आणि हात मात्र खांद्यापासून नुसता लटकत होता.

मानेजवळच्या मणक्यांतून हाताकडे पाच नसा निघतात. डॉक्टरांच्या भाषेत सी 5, सी 6, सी 7, सी 8 आणि टी 1. कॉलर बोनच्या मागून जाताना त्या एकमेकींत गुंततात आणि मग हातात उतरतात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मोटरसायकलवरून पडताना खांदा खाली दाबला जातो, डोकं उलट्या बाजूला झटकलं जातं आणि मधल्या नसा ताणल्या जातात. ताण थोडा असेल तर नस काही आठवडे-महिने गप्प राहते आणि आपली आपण जागी होते. जास्त असेल तर तुटते. त्याहून जास्त असेल तर मज्जारज्जूपासून मुळासकट उपटून येते. बाहेरून तिन्ही हात सारखेच दिसतात, आणि एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही ही नसा आणि स्नायू किती चालतात ते बघणारी तपासणी करतात, एमआरआय काढतात.

माझ्या वरच्या दोन नसा गेल्या, सी 5 आणि सी 6. खांदा उचलणं गेलं, कोपर वाकवणं गेलं. बोटं मात्र शाबूत. मूठ अशी घट्ट आवळायचो की समोरच्याने हात सोडवून घ्यावा, पण तीच मूठ तोंडापर्यंत नेता येत नव्हती. पाण्याचा पेला धरता यायचा, उचलता यायचा नाही.

ऑपरेशन सहा महिन्यांच्या आत झालं. हे 'आत' फार महत्त्वाचं आहे. नस नसलेला स्नायू वाट बघत बसत नाही, तो वाळत जातो. वर्ष-दीड वर्षानंतर नस त्याच्यापर्यंत पोचली तरी तो तिला दाद देत नाही. शिवाय नस वाढते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर मोजा, घाई का करायची ते कळेल.

माझ्यावर झालं त्या ऑपरेशनला ओबर्लिन ट्रान्सफर म्हणतात. ओबर्लिन या फ्रेंच सर्जनने 1994 मध्ये ही पद्धत मांडली. हातात जाणारी अल्नर नस चांगली असेल तर तिच्यातला एक बारीक धागा सोडवून घेतात आणि कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सच्या नसेला दंडातच जोडतात. पाटाचं दारं मोडून पाणी शेजारच्या वाफ्यात वळवावं, तसं. जोड स्नायूच्या अगदी जवळ असल्यामुळे नसेला फार वाढावं लागत नाही. खांद्यासाठी मानेतल्या एका स्नायूची नस अशीच वळवली.

नंतर कितीतरी आठवडे काहीच झालं नाही. एका सकाळी फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "मूठ आवळा, मनगट करंगळीच्या बाजूने आत वाकवा आणि दंडाकडे बघा." कातडीखाली काहीतरी सरकलं. पुन्हा आवळली, पुन्हा सरकलं. बायसेप्स आता मुठीच्या हुकमावर चालत होता. आईला दाखवायला म्हणून मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मूठ आवळत बसलो होतो. ती दर वेळी दंडाला बोट लावून बघायची आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे.

गाडीचा खरा पेच इथूनच सुरू झाला. हा भाग मला कुणी आधी सांगितला नव्हता, म्हणून जरा रेंगाळतो.

डावा हात म्हणजे क्लच. क्लच दाबायचा म्हणजे बोटं आवळायची. आणि बोटं आवळली की माझं कोपर आपोआप वाकायचं, कारण दोन्ही हुकूम एकाच नसेतून जात होते. बंद गाडी घराच्या पडवीत मेन स्टँडवर लावून मी पहिल्यांदा क्लच दाबला, तर हँडलची डावी बाजू सरळ माझ्या पोटाकडे ओढली गेली. चालत्या गाडीवर याचा अर्थ काय होतो, ते चालवणाऱ्याला सांगायला नको. प्रत्येक गिअरला गाडी भरकटणार.

मेंदू हे हळूहळू वेगळं करायला शिकतो. मूठ वेगळी, कोपर वेगळं. पण त्याला शिकवावं लागतं आणि ते काम फार कंटाळवाणं आहे. पडवीत गाडीवर बसायचं, क्लच अर्धा दाबायचा, हँडल हललं की थांबायचं. तळहाताने पकडायचं सोडून दोनच बोटांनी, तर्जनी आणि मधल्या बोटाने, दाबायची सवय केली, कारण अल्नर नसेचा जोर मुख्यतः अनामिका आणि करंगळीकडे असतो. याचा फार उपयोग झाला. गॅरेजवाल्याने क्लचची केबल नवी टाकली, तेल सोडलं, लिव्हर बोटांच्या जवळ आणून दिला. आधीची बुलेट मी विकली होती. जवळपास 190 किलोची गाडी आणि तिचा जड क्लच या हाताला झेपला नसता. तिच्या जागी स्प्लेंडर घेतली, 112 किलोची. लोक म्हणाले, बुलेटवरून स्प्लेंडरवर आलास. मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. बोटांना हलका लागणारा क्लच मिळाल्याचा आनंद मोठा होता.

"त्यापेक्षा ॲक्टिव्हा घ्यायची, क्लचची कटकटच नाही," हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. यावर माझं मत ठाम आहे. स्कूटरचा डावा लिव्हर ब्रेकचा असतो. कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर तर दोन्ही चाकांना एकत्र पकडणारा ब्रेक तोच. मोटरसायकलवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा उजव्या पायाला. म्हणजे दुखावलेला हात डावा असेल तर मोटरसायकलवर त्याच्याकडे एकही ब्रेक नाही. क्लच उशिरा दाबला तर गाडी आचके देईल, फार तर बंद पडेल. ब्रेक उशिरा दाबला तर काय होईल, ते मला माहीत आहे. उजवा हात गेलेल्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे, कारण थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, आणि पुढचा ब्रेक दोन्ही तिकडे. म्हणून कुणी "मी परत चालवू शकेन का?" असं विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, हात कुठला? आणि दुसरा, पॉवर किती?

पॉवर डॉक्टर 0 ते 5 मध्ये मोजतात. 3 म्हणजे हात स्वतःचं वजन उचलतो, 4 म्हणजे समोरच्याने विरोध केला तरी उचलतो. कोपर 4 ला पोचेपर्यंत आणि खांदा हँडलच्या उंचीवर हात धरून ठेवेपर्यंत चालू गाडीवर बसायचं नाही, असं माझ्या सर्जननी बजावलं होतं. ते मी पाळलं. जोरात ब्रेक मारल्यावर अंगाचा भार हातांवर येतो, तो पेलतो दंडाच्या मागचा ट्रायसेप्स. तो मुख्यतः सी 7 वर चालतो आणि माझी सी 7 धड होती. ती गेली असती तर मी परतलोच नसतो.

सुरुवात गावाबाहेरच्या माळावर झाली, दादा सोबत होता. सगळ्यांना वाटतं वेग अवघड. वेगात गाडी स्वतःच सरळ राहते, हँडलला नुसता हलका रेटा पुरतो. अवघड आहे ते हळू चालवणं. उजवीकडे यू-टर्न घेताना डावं हँडल लांब पुढे जातं आणि हात तिथवर न्यावा लागतो. डावीकडे वळताना तेच हँडल पोटाशी येतं आणि कोपर मागे न्यावं लागतं. माझा खांदा दोन्हींत कमी पडतो. पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलणं, चिखलात पाय टेकून वळवणं, मेन स्टँडवर चढवणं, हे सगळं मला घाटातल्या वळणांपेक्षा जड जातं.

हेल्मेटचंही तसंच. हनुवटीखालचा पट्टा दोन कड्यांतून ओवायला दोन्ही हात वर लागतात. मी टक करून बसणाऱ्या बक्कलचं हेल्मेट शोधलं, ते उजव्या हाताने एकट्याने लागतं. डाव्या अंगठ्याची कातडी अजून बधिर आहे, कारण तिथली संवेदना सी 6 कडे असते. हॉर्न आणि इंडिकेटर त्याच अंगठ्याखाली. बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही, म्हणून हॉर्न कानाने ऐकायचा आणि इंडिकेटर डोळ्याने बघायचा. सुरुवातीला इंडिकेटर वळणानंतर मैलभर तसाच चालू राहायचा. आता प्रत्येक वळणानंतर नजर मीटरकडे जाते.

कागदाचंही सांगतो. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये थेट विचारलेलं असतं की हातापायाच्या हालचालीत, ताब्यात किंवा ताकदीत काही दोष आहे का. तिथे खरं लिहा. डॉक्टरांचा दाखला घ्या, आरटीओत हात दाखवा. गाडीत बदल करायचा असेल, ब्रेक किंवा थ्रॉटलची बाजू बदलायची असेल, तर तो गॅरेजमध्ये परस्पर करू नका, मंजुरी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. उद्या काही झालं तर विम्याच्या टेबलावर हाच कागद बोलतो.

काही गोष्टी मी सोडल्या. मागे कुणाला बसवत नाही, आईलाही नाही. खड्ड्यात हात हँडलवरून निसटला तर माझं मी बघेन, पण दुसऱ्याचा जीव त्या खांद्यावर ठेवायला मी तयार नाही. अंधारात चालवत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये नेत नाही, पावलापावलाला क्लच दाबून तासाभरात बोटं थरथरतात. लांब जायचं तर एसटी आहे. एवढं सोडून जे उरतं तेही पुष्कळ आहे. सकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा चढ चढून कासच्या रस्त्याला लागलं की थंड हवा अंगावर येते, इंजिन एका सुरात चालतं, आणि डावा हात गिअर बदलताना काही न सांगता आपलं काम करतो. त्या वेळी मला झालेला आनंद लपवता येत नाही.

मोटरसायकल शर्यतींतल्या मार्क मार्केझचं उदाहरण देणारेही भेटतात. 2020 मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत त्याचा उजवा दंड मोडला, चार ऑपरेशनं झाली आणि 2025 मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ती लढाई हाडाची होती, आणि हाड जुळतं. नस मुळासकट उपटलेला मुलगा समोर बसलेला असताना त्याला हे उदाहरण देऊ नका. पाचही नसा गेलेले, उत्तम ऑपरेशन होऊनही बोटं परत न आलेले लोक मी दवाखान्यात रोज बघितले आहेत. त्यांची जिद्द माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. त्यांच्या नसा जास्त वर तुटल्या होत्या, एवढाच फरक.

म्हणून घरात नुकताच असा अपघात झाला असेल तर मला गाडीबद्दल इतक्यात विचारू नका. "हाताला मार लागलाय, येईल हळूहळू" हे वाक्य कुणीही म्हणालं, तरी त्यावर तीन महिने काढू नका. मालीश आणि हाडवैद्य यांच्यात दिवस घालवू नका. नसेचं ऑपरेशन करणारा सर्जन गाठा. असे सर्जन मुंबई-पुण्यात आहेत, आणि कोइमतूरचं गंगा हॉस्पिटल तर या कामासाठी देशभर ओळखलं जातं. जाताना अपघाताची तारीख कागदावर ठळक लिहून न्या. सांधे आखडू नयेत म्हणून घरच्यांनी रोज खांदा, कोपर, बोटं हलवून द्या, हात झोळीत ठेवा. हाताला जळजळ होते, करंट मारल्यासारखं होतं असं पेशंट म्हणाला तर ते खरं माना, त्यावर वेगळी औषधं असतात. आणि कोपर 4 ला पोचलं की मग फोन करा. स्प्लेंडर घेऊन मी माळावर येतो.