आमची वाटचाल : एक-चौदाचा टिपर आणि त्याचे मूळ चित्रीकरण

म्हापशातल्या आमच्या दुकानात रिमोटच्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, गाड्या दुरुस्त होतात, आणि त्या गाड्यांचे व्हिडिओ मागच्याच खोलीत तयार होतात. गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येते आणि बेअरिंग घेऊन जाते, असा हा धंदा. तो एका टिपरने उभा केला आणि त्याच टिपरच्या व्हिडिओच्या चोरीने जवळजवळ बुडवला.

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या. रस्त्याकडेला टिपर ओळीने उभे राहिले. त्या दिवसांत डिचोलीचे एक ट्रकमालक दुकानात आले. त्यांना स्वतःचा टिपर छोट्या आकारात हवा होता, आणि तो खाणीच्या रस्त्यावर माल भरून चालतानाचा व्हिडिओ हवा होता. आजही ते आमचे पहिले गिऱ्हाईक आहेत. त्यांना आम्ही बाब म्हणतो.

सांगाडा तामिया या जपानी कंपनीचा, खऱ्याच्या १/१४ मापाचा घेतला. ५४० आकाराची मोटर, तीन गिअरची पेटी आणि खऱ्या ट्रकसारखे स्प्रिंगचे पोलादी पाटे. हौदा मात्र स्टायरीन प्लास्टिकच्या २ मिमी पत्र्यातून कापला, कारण आपल्याकडच्या खाणीच्या हौद्याचा घाट तयार किटमध्ये मिळत नाही. सांधे प्लास्टिक विरघळवणाऱ्या पातळ सॉल्व्हंटने जोडावेत. घट्ट गोंद लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात कोपरे सुटतात. आणि रिकामा हौदा कधीही चित्रित करू नका. लांबी १४ पट घटली की वजन १४ च्या घनाने, म्हणजे २,७४४ पट घटते. दहा टन माल म्हणजे साधारण ३.६ किलो. तेवढा भार पडला की पाटे बसतात आणि गाडी खड्ड्यात डुलते. भार नसेल तर ती उड्या मारते. सगळा भार मागे टाकू नका, चढावर पुढची चाके उचलली जातात आणि स्टीअरिंग हातात राहत नाही.

पहिले चित्रीकरण बाबांना दाखवले. त्यांनी एवढेच म्हटले, "हो टिपर न्हय, हें खेळणें." त्यांचे बरोबर होते, आणि चूक कॅमेऱ्याची नव्हती.

दोष गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबात होता. आमचा टिपर २० सेंमी उंचीवरून पडला तर ०.२ सेकंदात जमिनीला लागतो. खरा टिपर त्याच प्रमाणात, म्हणजे २.८ मीटरवरून पडला तर पाऊण सेकंद घेतो. डोळ्याला हा फरक लगेच कळतो. म्हणून मापाचे वर्गमूळ काढायचे : १४ चे ३.७४. तेवढ्या पट संथ केले की हालचाल खरी वाटते. आम्ही सेकंदाला १०० चौकटी (फ्रेम) घेतो आणि २५ ने चालवतो, म्हणजे चार पट. १/१० च्या गाडीला ३.१६ पट पुरते, पण तिथेही चार पट केले तर गाडी किंचित जड वाटते आणि ते बरेच दिसते. कॅमेऱ्यात पाल, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारे, सेटिंग ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या सेटिंगवर दुकानातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकते.

वेगही त्याच वर्गमूळाने उतरवावा लागतो. खाणीच्या रस्त्यावर ताशी ३० किमीने जाणारा टिपर दाखवायचा तर छोटा टिपर ताशी ८ किमीने चालवायचा. नवशिके थ्रॉटल तळाला दाबतात आणि मग संथ करूनही गाडी पळतच राहते. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, बोट स्थिर ठेवा.

कॅमेऱ्याची उंची ११ ते १२ सेंमी. उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर असतो, त्याला १४ ने भागा. एवढ्या खाली नेहमीचा ट्रायपॉड उतरत नाही. आम्ही उकड्या तांदळाची किलोभर पिशवी शिवून घेतली आहे, तिच्यावर कॅमेरा दाबून बसवतो. भेंडीच्या आकाराचा दगड चौकटीत आला तर तो पडद्यावर धोंडा दिसतो, आणि वीतभर गवत झाडोऱ्यासारखे दिसते. म्हणून चित्रीकरणाआधी जागा हाताने निवडून घ्यावी लागते, तांदूळ निवडतात तशी. पार्श्वभूमी धूसर होऊ देऊ नका, धूसर पार्श्वभूमी बघताच डोळा "छोटी वस्तू" म्हणतो. छोट्या सेन्सरमध्ये मागचेही स्पष्ट येते, म्हणून ॲक्शन कॅमेरा इथे महागड्या कॅमेऱ्याहून उजवा ठरतो.

उन्हाचा हिशोब असा : भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/२.८ (लेन्सचे छिद्र) ला शटर १/३२०० सेकंदावर जाते, आणि चित्र तुटक दिसते. १०० चौकटींना १/२०० हवे. ३२०० भागिले २०० म्हणजे १६, म्हणून एनडी१६ चा, म्हणजे उजेड १६ पट कमी करणारा, फिल्टर. सकाळी साडेसातला एनडी४ सुद्धा पुरतो, आणि खरे सांगायचे तर त्याच वेळचे ऊन घ्यावे. दुपारी चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा) लाल रंग विटका होतो.

धुळीने आम्हाला सगळ्यात जास्त रडवले. मातीचा कण १४ पट लहान होत नाही, त्यामुळे चाकामागे धूळ न उडता खडे उडतात. लाल माती उन्हात दोन दिवस वाळवा, मग दुहेरी मलमलीतून गाळा, आणि चाके जाणार त्या पट्ट्यावर मीठ भुरभुरावे तशी पसरा. शूटिंग झाल्यावर मोटर उघडून ब्रशने साफ करा. या मातीतले लोहाचे कण चुंबकाला चिकटतात आणि मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजवतात. ५×११ मिमीची सीलबंद बेअरिंगेसुद्धा धुळीच्या दहा-बारा दिवसांनंतर खरखरतात, तेव्हा ती धूत बसू नका, बदला. समुद्राच्या ओल्या वाळूवर गाडी नेऊच नका. खारट पाणी ईएससीच्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) जोडांत शिरले की रात्रीत हिरवा गंज चढतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे तर तसेही सोडून द्यावेत.

आवाज वेगळा घ्या. मोटरपासून हातभर अंतरावर रेकॉर्डर, त्यावर वारा अडवणारी केसाळ टोपी, सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ. चित्राइतकाच आवाजही चार पट संथ केला की तो दोन सप्तके खाली उतरतो, मोटरची किणकिण घरघरीत बदलते. ४८ ने रेकॉर्ड केले तर संथ केल्यावर ६ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही आणि आवाज रजईखालून आल्यासारखा वाटतो. वर गाणे चढवू नका. ॲक्शन कॅमेऱ्याचे वायफाय बंद ठेवा, रिमोटही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, आणि गाडीवर कॅमेरा बांधला असेल तर गाडी मध्येच ऐकेनाशी होते.

हे सगळे जमल्यावर बाबांनी दुसरा व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि पुढच्या सहा महिन्यांच्या सुट्या भागांचे पैसे त्याच दिवशी दिले.

त्यानंतर दुसऱ्या एका राज्यातल्या दुकानाने आमचा तो व्हिडिओ उतरवून घेतला. कोपऱ्यातले आमचे नाव कापले, वर ढोलकीचे संगीत घातले आणि आपला म्हणून टाकला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आमचाच व्हिडिओ त्यांच्या मालकीचा असल्याचा दावा त्यांनी लावला. आम्ही व्हिडिओ टाकायचो ते पान बंद झाले. गिऱ्हाईक येण्याची वाट तीच होती, त्यामुळे तीन महिने दुकानात फक्त जुने लोक येत राहिले. बाब दर शुक्रवारी बाजार करून यायचे आणि गरज नसताना काहीतरी घेऊन जायचे. आम्ही पाठवलेल्या पत्रांना ठराविक मजकुराचीच उत्तरे येत होती, आणि त्या दुकानाने आजतागायत साधी दिलगिरीही व्यक्त केलेली नाही. ते आम्ही विसरलेलो नाही.

आम्हाला सोडवले ते न कापलेल्या मूळ चित्रीकरणाने. सलग अकरा मिनिटांचा तुकडा होता, त्यात टिपर तीन वेळा फसतो, माणूस चौकटीत येऊन तो उचलतो, तांदळाच्या पिशवीचा कोपरा दिसतो. मागच्या डाव्या चाकाचा एक नट नव्हता, तो त्यांच्या व्हिडिओतही नव्हता, आणि तो टिपर आमच्या टेबलावर उभा होता. स्वतःचा टिपर ते दाखवू शकले नाहीत.

म्हणून सांगतो : कार्डावरची मूळ फाइल कधीही पुसू नका, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आवाजाची फाइलही सोबत ठेवा. खूण कोपऱ्यात घालू नका, ती कापली जाते. गाडीवर घाला. आमच्या टिपरच्या फाळक्यावर आता हाताने रंगवलेला आकडा असतो आणि प्रत्येक व्हिडिओत तो बदलतो. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर धूळ चौकोनी ठिपक्यांची होते.

नंतरच्या वर्षांत खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. गाड्या मागवणे परवडेना, म्हणून आम्ही दुरुस्तीकडे वळलो, आणि दुरुस्तीचे व्हिडिओच आता जास्त पाहिले जातात.

पावसाळ्यात चिरेखाणींत पाणी भरते, तिथे जाऊ नका. ते चार महिने टेबलावरच्या कामाचे. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवून द्या. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवून परत घाला. आमची पहिली लेन्स एका श्रावणात बुरशीने गेली. डिस्कही त्याच डब्यात असतात. ते अकरा मिनिटांचे चित्रीकरण त्यांच्यावर आहे, दुकानात कुणीही येऊन पाहू शकतो.