आई विचारते, झाडं कशी आहेत?

शनिवार, २९ जून २०२४. सेंट जॉर्जेस, ग्रेनाडा (कॅरिबियन बेट)

आज सकाळी साडेदहाला मॅच सुरू झाली. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल बार्बाडोसला, म्हणजे शेजारच्याच बेटावर, त्यामुळे तीन वर्षांत पहिल्यांदा मी आईच्या वेळेत नाही, इथल्या वेळेत क्रिकेट बघितलं. आईकडे, कोकणात दिवेआगरात, तेव्हा रात्रीचे आठ. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा आई फोनवर होती. दोघींपैकी कुणालाच बोलता येईना. सात धावांनी जिंकलो. रोहितचा चेहरा बघून तिला रडू आलं आणि तिचा आवाज ऐकून मला.

एवढा आनंदाचा दिवस, पण स्कोअर बघून झाला की दर वेळी बोट दुसरीकडे जात होतं, अटलांटिकच्या नकाशाकडे. तिथून एक वादळ आमच्या दिशेने येत होतं. मायामीच्या हरिकेन सेंटरचं पत्रक पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा असं चारदा येतं. बेटावर जूनपासून नोव्हेंबरपर्यंत माणसं याच घड्याळावर जगतात. काल रात्री या वादळाला नाव मिळालं, बेरिल. आज संध्याकाळी पाचच्या पत्रकात ते हरिकेन, म्हणजे पूर्ण ताकदीचं चक्रीवादळ, झालेलं होतं.

इथे लहान पोरांनाही पाठ असलेली एक ओळ आहे. जून ‘टू सून’, जुलै ‘स्टँड बाय’, सप्टेंबर ‘रिमेंबर’, ऑक्टोबर ‘ऑल ओव्हर’. जून अजून संपलाही नाही. पण समुद्राचं पाणी आत्ताच सप्टेंबरसारखं तापलंय आणि वादळाला लागतं ते तेच.

नकाशावर आमचं बेट त्या पांढऱ्या शंकूच्या आत आहे. पहिल्या वर्षी मला वाटायचं की शंकू म्हणजे वादळाचा आकार, आणि कडेला असलो तर सुटलो. तसं नसतं. वादळाचा डोळा कुठून जाईल त्याचा तो अंदाज असतो, आणि साधारण तीनात एकदा डोळा शंकूबाहेरही जातो. वारा तर त्याच्याही बाहेर कितीतरी लांब पोचतो. हे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगते. विद्यापीठात दरवर्षी भारतातून नवी माणसं येतात आणि तीच चूक करतात.

रविवार, ३० जून

सकाळी बेरिल पाचांपैकी चौथ्या श्रेणीत. जून महिन्यात अटलांटिकमध्ये चौथ्या श्रेणीचं वादळ नोंदलं गेल्याचं हे पहिलंच.

दिवसभर खिळ्यांचे आवाज. आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीवर प्लाय बसला. पिंप, बादल्या, आंघोळीचा टब, कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला. वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडा. गॅसची टाकी घरात घेतली. पासपोर्ट आणि आईने दिलेली पोथी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. दुकानात क्रिक्सची बिस्किटं आणि मेणबत्त्या संपल्या होत्या, पाव मिळाला. गडी झाडावर चढून शहाळी उतरवत होता. वादळात नारळ तोफगोळ्यासारखा सुटतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. खाडीतल्या होड्या खारफुटीत नेऊन दोरांनी आवळल्या. ग्रेनाडा बरंच दक्षिणेला, म्हणून वादळाच्या मोसमात लांबलांबच्या होड्या इथे आसऱ्याला येतात. आज आसऱ्याच्याच जागेवर वादळ येतंय.

घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. वय पंच्याहत्तर. संध्याकाळी आणीबाणी लागू व्हायच्या आत त्यांना वर बोलवायला गेले तर त्या अंगणात झाडाला हात लावून उभ्या होत्या. जायफळाचं झाड. त्यांच्या आयुष्यातलं हे तिसरं मोठं वादळ. १९५५ चं जॅनेट आलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. २००४ च्या सात सप्टेंबरला आयव्हन आलं, देशातल्या दहातल्या नऊ घरांची मोडतोड झाली, यांचं छप्पर गेलं. तोवर इंडोनेशियाच्या खालोखाल जगाला जायफळ पुरवणारा हा इवलासा देश, झेंड्यावर जायफळ असलेला. त्याच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. जायफळाची मुळं वरवर असतात, वाऱ्यापुढे टिकत नाहीत. हे अंगणातलं झाड त्यांनी आयव्हननंतर लावलेलं.

त्या म्हणाल्या, छप्पर मला आठ महिन्यांत परत मिळालं. या झाडाने पहिलं फळ दिलं तेव्हा माझा नवरा नव्हता.

सोमवार, १ जुलै

मेणबत्तीवर लिहितेय. अकराच्या सुमारास डोळा कॅरियाकूवरून गेला, आमच्या उत्तरेला, फेरीबोटीने दीड-दोन तासांवरचं बेट. ते आमच्याच देशाचं आहे. आम्ही वाचलो. पत्रे थरथरत होते, दारातून पाणी येत होतं, टॉवेल पिळून पिळून हात दुखले. वाऱ्याचा आवाज तीन तास एका सुरात होता, आणि मधे एकदा अंगणातून वेगळाच, ओला, लांबलेला कडकडाट आला. मालकीणबाईंनी डोळे मिटले. त्यांनी खिडकीकडे बघितलंही नाही.

गुरुवार, ४ जुलै

फोन लागला. कॅरियाकूत जवळजवळ एकही छप्पर शाबूत नाही. अर्ध्या तासात बेट भुईसपाट झालं, असं पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं. आमच्या उत्तर भागातही घरं आणि बागा गेल्यात. बंदरावर माणसं बोटींत पाणी, ताडपत्र्या, तांदूळ चढवतायत. आम्हीही दोन पोती दिली. फार कमी वाटलं.

आपली टीमही या बेरिलमुळेच बार्बाडोसला अडकली होती. काल निघाली, आणि आज मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र. आईने टीव्हीचा आवाज बंद केला आणि पहिला प्रश्न विचारला, “झाडं कशी आहेत?”

आधी “तू कशी आहेस” नाही. मला ते लागलं नाही. उलट गळा भरून आला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी पुण्यात होते. लॉकडाऊन, ई-पास, बंद फोन. सहाव्या दिवशी आईचा आवाज ऐकला. कौलं गेली होती, ती तिने एका वाक्यात सांगितली. मग वाडी सांगायला लागली. कितवी पोफळ कुठे पडली, कुठल्या पोफळीबरोबर मिरीचा वेल गेला, विहिरीजवळचा आजोबांनी लावलेला माड. आमच्याकडे वाडी म्हणजे थर असतात. वर माड, मग पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ. वरची दोन गेली तर खालचं उभं राहिलेलं जायफळही उन्हाने करपतं. श्रीवर्धन-दिवेआगरची रोठा सुपारी लोक नावाने विकत घेतात, पण पोफळ लावली की सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात, हे विकत घेणाऱ्याला कुठून कळणार? पंचनाम्यात झाडाला आकडा लागला. वाट बघण्याला कुठलाच रकाना नव्हता. आई तेव्हा चौसष्टची. तिने त्याच पावसाळ्यात रोपं लावली. त्यांना अजून सुपारी धरलेली नाही.

म्हणून मी तिला सगळं नीट सांगितलं. समोरचा आंबा अर्धा राहिलाय. केळी झोपली, ती उठतील. नीरफणस उभा आहे, फळं सगळी खाली. आणि जायफळ गेलं, मुळासकट.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बाईंना एकटं सोडू नकोस गं.”

रविवार, २१ जुलै

वीज आली. आज मालकीणबाईंनी ऑइल डाऊन केलं. नीरफणसाच्या फोडी, खारवलेलं मांस, वर अळूची पानं, सगळं नारळाच्या दुधात आणि हळदीत आटवलेलं. हळदीला इथे सॅफ्रन म्हणतात. माझ्यासाठी बिनमांसाचं वेगळं पातेलं. अळूला हे कॅलालू म्हणतात, आणि पहिल्या वर्षी बाजारात ती जुडी दिसली तेव्हा मी भर रस्त्यात थांबले होते, ते आठवलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी एक डबा उघडला. पडलेल्या झाडाखालून वेचलेली ताजी जायफळं, लाल जायपत्रीसकट. जायपत्री सोडवून त्या बिया मातीच्या पिशव्यांत लावायला लागल्या. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते तरी ती जागी होती. तिने चष्मा लावला आणि पिशव्या मोजल्या.

“बियांची कशाला? नर की मादी ते सहा-सात वर्षं कळत नाही. निम्मी नर निघाली की काढून टाकावी लागतात. कलमं घ्यायला सांग.”

मी इंग्रजीत सांगितलं. मालकीणबाई म्हणाल्या, कलमं मिळतील तेव्हा मिळतील, पण हे बी याच झाडाचं आहे. मी ते आईला मराठीत सांगितलं.

आई थोडी पुढे झुकली. “बरं. मग त्यांना म्हणावं बी आडवं ठेवा, खोल पुरू नका. वाळायच्या आत आजच सगळं लावून टाका. आणि फोन जरा खाली धर, मला माती दाखव.”