तुम्ही विचारलंत म्हणून: दमत नाही का?

"दिवसभर एवढ्या मुलांत असता, दमत नाही का?" पालकसभेत, प्रवासात, कुणाशी नवी ओळख झाली की हा प्रश्न येतोच. "सवय झाली आता," असं म्हणून मी बहुतेक वेळा विषय संपवते. तुम्ही मात्र विचारून झाल्यावर उत्तरासाठी थांबलात, म्हणून या वेळी खरं ते सांगते.

दमते. पण बरीच वर्षं मला वाटायचं की मुलं दमवतात, ते काही खरं नव्हतं. हे कळायला माझा आवाज जावा लागला.

आधी नुसता घसा बसायचा, सुट्टीत सुटायचा. मग एका सोमवारी हजेरी घेताना तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. स्वरतंतूंना सूज होती. आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजतानाही घशावर ताण येतो. बाईच्या आवाजात हे तंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात, हे मला तेव्हा समजलं. आणि मी तर रोज पाच-सहा तास वर्गाच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलत होते. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच मांडलं होतं. माझा आवाज चढायचा, त्यावर मुलांचा चढायचा, त्यावर पुन्हा माझा.

दोन दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी बदली शिक्षक मिळेना, म्हणून तशीच वर्गावर गेले. फळ्यावर लिहिलं: १/२ + १/३ = २/५. खाली लिहिलं, "बरोबर की चूक? का?" आणि खडू ठेवून उभी राहिले.

एरवी मी दोन क्षणांत "अरे, छेद सारखे आहेत का?" असं म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी म्हणताच येईना. "चूक!" तिघं-चौघं ओरडले. मी 'का' या शब्दाखाली रेघ ओढली. सगळे गप्प. ती शांतता मला सोसवत नव्हती, माझा हात पुन्हा खडूकडे जात होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, वर्षभरात क्वचितच तोंड उघडलेली मुलगी जागेवरूनच म्हणाली, "बाई, पाचाचं अर्धं अडीच. इथे तर दोनच आहेत. अर्ध्यात अजून मिळवलं, तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं होईल?"

इतक्या वर्षांत हे गणित असं समजावणं मला सुचलं नव्हतं. मी छेद समान करायची रीत शिकवत आले होते. तिने मुळात ते उत्तर शक्यच का नाही, ते दाखवलं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. दिवसभर पुसलं नाही.

नंतर वाचनात आलं की अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. आवाज परत आल्यावरही मी मनात आकडे मोजायची सवय सोडली नाही. वर्गाचा आवाज उतरला, माझाही उतरला. संध्याकाळी घशाला आणि डोक्याला जो ठणका असायचा, तो बराच कमी झाला.

पण सगळं श्रेय त्या तीन सेकंदांना देणार नाही. आवाज जाण्याच्या वर्षभर आधी एका दुपारी वर्गातल्या मुलाचं नावच आठवेना. मनात आलं ते 'बावीस नंबर'. त्याची मला भीती वाटली, आजही वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तिच्यात थकवा आहे, आपण निरुपयोगी ठरतोय ही भावना आहे आणि कामापासून मनाने दूर जाणंही आहे. त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय. म्हणूनच शिक्षकांना दीर्घ श्वास शिकवणाऱ्या शिबिरांवर माझा फारसा भरवसा नाही. श्वास जरूर घ्यावा, पण परत आल्यावर टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा तेवढाच असेल तर काय उपयोग? पंचेचाळीस वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास, तेही शाळा सुटल्यावर. आता मी रोज दहाच वह्या तपासते, पण नीट, प्रत्येकीत एक वाक्य लिहून. बाकीच्या मुलं आपसात अदलाबदल करून तपासतात. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. मला मात्र नावं पुन्हा आठवू लागली.

घरी काहीच येत नाही, असं नाही. एखादा चेहरा येतोच बरोबर. काल शेवटच्या तासाला प्रश्न विचारला आणि मोजू लागले. तीनवर मागच्या बाकावरच्या मुलाने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. मी सातपर्यंत थांबले. तेवढ्यात घंटा झाली. आज पहिला तास त्याच वर्गावर आहे, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे.