रात्रभराचं पाठांतर आठवड्यात का उडतं?

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत मुलं एकच प्रकरण रात्रभर घोकतात आणि आठवड्यात विसरतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५मध्येच हे मोजून दाखवलंय. निरर्थक अक्षरगट दुसऱ्यांदा पाठ करताना तासाभरानं ४४ टक्के श्रम वाचले, दिवसानं ३४, महिन्यानं २१; जितके श्रम वाचले, तितकं लक्षात राहिलेलं. मोठी गळती पहिल्याच दिवशी! (अर्थ कळलेला मजकूर इतक्या झपाट्यानं जात नाही.) म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर तापीच्या उपनद्या आठवून लिहा: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. अडलं तरी लगेच पान उघडू नका. आठवण्याच्या त्या खटपटीनंच स्मृती पक्की होते. नुसतं वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्यालाच मुलं ‘येतंय’ समजतात.