पोपटी भिंत आणि पिवळं बाळ

घरी जाऊन तान्ह्या बाळाचे फोटो काढायचे, तर कॅमेरा बाहेर काढण्याआधी खोलीतले दिवे बंद करायचे. लालबागच्या चाळीतली ही खोली जेमतेम दहा बाय पंधराची. एकच खिडकी, भिंतींना पोपटी ऑइलपेंट, वर एलईडी ट्यूब, देव्हाऱ्यात पिवळा बल्ब. बाहेर जुलैचं मळभ. आदल्या रात्री पाचवी पुजलेली.

ट्यूब घालवा म्हटलं की "अंधारात कसे येणार फोटो?" हे ठरलेलंच. पण ट्यूबचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, खिडकीचा तिसराच. तिन्ही एकत्र आले की बाळाचे दोन गाल दोन रंगांचे होतात आणि एडिटमध्ये ते निस्तरत नाही. शिवाय आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 1/200 सेकंदावर ठेवलं की फोटोत पट्टे. भिंतीचा उपद्रव वेगळा: तिच्यावरून परतणारा उजेड हिरवट होतो. म्हणून त्या बाजूला कपड्यांच्या दोरीवर साधी पांढरी चादर चिमट्यांनी टांगली.

पंखा बंद. दूध झालं, ढेकर निघाली, मग बाळाला गोधडीवर घेतलं. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, डोकं शेवटी, आणि छातीवर तळहात थोडा वेळ तसाच. डोकं आधी टेकवलं तर बाळ दचकून दोन्ही हात फाकतं, झोप गेलीच. डोकं खिडकीच्या बाजूला तिरपं, म्हणजे नाकाची सावली ओठांकडे पडते. पाय खिडकीकडे केले तर उजेड हनुवटीखालून येतो आणि चेहरा भेसूर दिसतो. वडिलांनी मोबाइलवर हातांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाचा फोटो दाखवला. तसा फोटो एका क्लिकमध्ये काढत नाहीत. एकदा डोकं धरून, एकदा मनगटं धरून दोन फोटो काढायचे आणि धरणाऱ्याचे हात पुसून जोडायचे. घरी करून बघायचाच नाही.

पहिला फोटो नेहमी ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, गालाशेजारी धरून. त्यावरून व्हाइट बॅलन्स लावला, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून टाकली. कार्ड राखाडी, चादर पांढरी, आईचा हात नेहमीसारखा. बाळ मात्र पिवळं. उजेडाचा दोष असता तर आईचा हातही पिवळा दिसला असता.

"अगं, मालिशवाल्या मावशी हळद लावतात ना," आजी म्हणाल्या. "आणि सकाळी कोवळ्या उन्हात धरतोच की." ऊन तर आठवडाभर कुणी पाहिलेलं नव्हतं. हळद कातडीला लागेल, डोळ्यांना कशी लागेल? बाळानं डोळे किलकिले केले तेव्हा बुबुळाभोवतीचं पांढरं स्पष्ट पिवळट होतं. आईला नाकाचा शेंडा, छाती, मग तळपाय बोटानं हलकं दाबून सोडायला सांगितलं. रक्त सरून क्षणभर जी कातडी दिसते, ती तळपायालाही पिवळीच.

बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते. पूर्ण दिवसांच्या बाळाची साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ती डोक्याकडून पायांकडे उतरते. तळपायांपर्यंत आली, की त्याच दिवशी डॉक्टर. सावळ्या बाळाच्या चेहऱ्यावर ती चटकन कळत नाही, तिथे डोळे आणि हिरड्या बघायच्या. इथे आणखी एक गोष्ट होती. "किती गुणी आहे, दुधालाही उठवावं लागतं," हे घरात कौतुकानं सांगत होते. आम्हा फोटोवाल्यांना गाढ झोपलेलं बाळ हवंच असतं, पण दुधालाही न उठणारं नव्हे.

निदान हे आपलं काम नाही, आणि नुसत्या नजरेनं किती कावीळ आहे हे डॉक्टरही ठरवत नाहीत. त्याला बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, किती आहे ते तपासावं लागतं. तेवढंच सांगितलं, कार्डासकटचा फोटो आईच्या मोबाइलवर टाकला आणि सामान आवरलं. संध्याकाळी तपासणी झाली. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, मग घरी सोडलं.

उरलेले फोटो बारशानंतर काढले. त्या दिवशीच्या मोजक्या फोटोंत पिवळा आणि केशरी रंग थोडाच उतरवला. सगळा उतरवला तर कातडी राखेसारखी दिसते आणि दुपट्याचे रंगही जातात. आजींना बाळ "जरा उजळ" करून हवं होतं. ते केलं नाही.